तिसरा घाव

९ मार्च

नर्स म्हणाली, "झोप लागत नसेल तर जे झालं ते लिहून काढा." मी म्हटलं, "लागते की झोप." ती म्हणाली, "मग तुमच्या मिस्टरांनी बाहेर मला वेगळंच का सांगितलं?" टाके मांडीत, इंजेक्शन दंडात आणि चौकशी झोपेची.

म्हणून कामावरचं एक कोरं रजिस्टर घेऊन बसले आहे. सव्वीस वर्षं मी रजिस्टरच लिहीत आले. वेळ, टाकीतली पातळी, क्लोरीन, शेरा. गावाला पाणी सोडणारी बाई मी. व्हॉल्व्ह फिरवायची लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून टेकडी चढते म्हणून लोक मला चावीबाई म्हणतात. शेऱ्याच्या रकान्यात आजवर 'विशेष काही नाही' यापलीकडे फारसं लिहायची वेळ आली नव्हती.

तर विशेष ते असं. ६ तारखेला सकाळी साडेसहाला निघाले. गारठा होता, माझा स्वेटर वाळला नव्हता, म्हणून यांचा बसवर असतानाचा जुना निळा कोट चढवला. पायवाट पाइपलाइनच्या कडेकडेनं झाडीतून जाते. अर्ध्यावर रानडुकरीण बाहेर आली. मागे चार पिल्लं. रानडुकरं मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. माणसाची चाहूल लागली की शेपटी ताठ करून पळतात. ही पळाली नाही. ही सरळ माझ्याकडे आली, स्टँडवर कुणी आपल्या माणसाला घ्यायला यावं तशी. आली आणि कोटाच्या खिशाला नाक लावलं.

मी किंचाळले, मागे सरकले आणि माझा पाय एका पिल्लावर पडला. ते जे ओरडलं ते अजून कानात आहे. मग तिनं मांडी धरली. मी चावी फिरवली. पहिला घाव खांद्यावर बसला, तिनं सोडलं नाही. दुसरा कपाळावर बसला. ती पडली.

साहेबांना, पोलिसांना, डॉक्टरांना हेच सांगितलं आहे. दोन घाव.

११ मार्च

घरीच आहे. ड्रायव्हरसाहेबांची धावपळ बघवत नाही. लग्न ठरलं तेव्हापासून मी यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते, चिडवायला. चार वर्षांपूर्वी यांना डोळ्यांच्या कडेचं दिसेनासं झालं. समोरचं स्वच्छ दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. बस सुटली, नाव तेवढं राहिलं.

ज्या माणसानं कधी चहाची कपबशी विसळली नाही तो आता भाजी करतो, केर काढतो, माझे पाय उशीवर ठेवून देतो. फक्त जखमेकडे बघत नाही. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की यांना हमखास बाहेर काहीतरी काम निघतं.

आणि कोटाचं तर काय सांगू! तीनदा धुतला. आज पाहते तर खिसे उलटे करून साबणानं घासत बसलेले. मी म्हटलं, "अहो, रक्त खिशात नाही लागलेलं." म्हणाले, "असू दे." पुन्हा घासायला लागले. बायकोची मांडी फाटली त्याचं काही नाही, कोट फाटला त्याचं केवढं दुःख!

असं लिहू नये. पण मनात आलं ते लिहिलं.

१२ मार्च

मुलीचा फोन. ती दूरच्या शहरात जीवशास्त्र शिकवते. दोन दिवस नुसती रडली, आज शिकवायला लागली.

"आई, पिल्लं असलेली मादी होती. तिचं वागणं नैसर्गिकच होतं गं."

"आणि माझं? मी काय प्लास्टिकची आहे?"

"तसं नाही म्हणत मी. पण जंगल तिचं..."

"मीही कुणाची तरी आई आहे. तुझीच आहे, आठवत असेल तर."

शेवटी ती म्हणाली, "बाबांना फोन दे." बाबा दारातच उभे होते, पण हातानं नाही नाही म्हणाले. मी सांगितलं, बाहेर गेलेत. लेकीशी बोलायला नको, इतका हा माणूस माझ्यावर रागावला आहे. मुकं जनावर मारलं म्हणून असेल. ते यांना पहिल्यापासूनच सहन होत नाही, झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात.

१३ मार्च

इंजेक्शन झालं. दुपारी वनरक्षक घरी आली. आमच्या मुलीएवढीच असेल, पण बूट बघून घर हादरावं अशी. फॉर्म भरून घेतला. त्यात एक ओळ होती, 'प्राण्याचे वर्तन : नैसर्गिक / अनैसर्गिक'. 'नैसर्गिक'वर खूण करून ती पुढे सरकली. मी खिशाची गोष्ट सांगितली तशी तिचं पेन थांबलं.

"पळाली नाही? खिशाला नाक लावलं? काकू, खिशात खायचं काही होतं?"

"नाही गं. डबा पाठीवरच्या पिशवीत होता."

"मग हिला कुणीतरी खायला घालत होतं. अशी जनावरं माणसाला भीत नाहीत. प्रेमानं येतात आणि घात होतो."

मी ताबडतोब टेकडीखालच्या खानावळीकडे बोट दाखवलं. तिच्या मागच्या बाजूला खरकट्याची पिंपं असतात. तिनं लिहून घेतलं. एवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. हे म्हणाले, कप निसटला.

ती गेल्यावर यांनी विचारलं, "तिचा डावा कान चिरलेला होता का?"

"मी काय कान बघत होते? तुम्हाला काय त्याचं?"

"नाही, त्यांच्यात मारामाऱ्या होतात म्हणे. वाचलं होतं कुठंतरी."

यांचं वाचन अलीकडे बरंच वाढलेलं दिसतंय.

१६ मार्च

साहेब ऑफिसातली सगळी मंडळी घेऊन आले. सत्कार करायचा म्हणतात. चावी हातात घेतलेला माझा फोटो पाणीखात्याच्या दालनात लावायचा. मी म्हटलं, "साहेब, माझा पाय दुखतो." ते म्हणाले, "बसून घेऊ फोटो." किराणावाला मला वाघीण म्हणतो. वर हळूच विचारतो, तिचं पुढे काय केलं? म्हणजे कुणी खाल्लीबिल्ली का.

सगळे म्हणतात, स्वतःचा जीव वाचवणं यात चूक ते काय?

मीही तेच म्हणते. पण हे रजिस्टर कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. घाव तीन होते. दुसऱ्यानंतर ती आडवी झाली होती. तिचं तोंड पिल्लांकडे होतं आणि मागचे पाय हलत होते. मला आता काही होणार नव्हतं, हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं. तरी मी चावी वर उचलली.

बस. एवढंच.

२० मार्च

कामावर रुजू झाले. ऑफिसची गाडी मागच्या रस्त्यानं वर सोडते. पायवाट बंद. टाके नुकतेच निघालेत, चढ नको म्हणून. भीतीबितीचा काही प्रश्न नाही. गाडीची काच मी वर ठेवते ती धुळीमुळे.

व्हॉल्व्ह सोडताना चावी दोनदा घसरली. तेल लावायला हवं.

घरी आले तर यांचे बूट मोरीत, चिखलानं भरलेले. "फिरायला गेलो होतो." बरं झालं. घरात बसून माणूस आंबतो. पण पाव पुन्हा संपला होता. दोघंच माणसं, दोन दिवसांत एवढा मोठा पाव जातो कुठे? मी जेवत नाही असं हे म्हणतात. मग खातं कोण?

२४ मार्च

आज दोन माणसं दारात आली आणि दोघांनीही माझी हजेरी घेतली.

आधी खानावळवाला. "चावीबाई, तुम्ही माझं नाव घेतलंत! या, बघून जा माझी पिंपं. प्रत्येकाला झाकण आहे, झाकणावर दगड आहे. पंधरा वर्षं इथं धंदा करतोय, आता गाव म्हणतं याच्यामुळं बाई मरता मरता वाचली. लोक यायचे थांबलेत." घसा फुटेपर्यंत ओरडला. मी म्हटलं, "मग कोण घालतं खायला?" तो म्हणाला, "ते मला काय ठाऊक? मी नाही." हे आतल्या खोलीत होते. एरवी कुणी माझ्यावर आवाज चढवला तर मध्ये येणारा माणूस, आज बाहेर आलाच नाही.

मग वनरक्षक. चारही पिल्लं जिवंत आहेत. अंगावरचे पट्टे पुसट झालेत, म्हणजे स्वतःचं स्वतः खाण्याएवढी मोठी आहेत. एक लंगडतं. (ते माझं.) पण ती रानात थांबत नाहीत, घरांकडे येतात. काल शाळेच्या वाटेवर एका मुलीच्या हातातला डबा ओढला. मुलगी हसत होती म्हणे.

"आता सगळ्यांना गंमत वाटते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी हीच पिल्लं माझ्या वजनाची होतील. मग कुणालातरी चावतील आणि आम्हालाच ती मारावी लागतील, काकू. मला ते करायचं नाहीये."

तिच्या बुटांवरून मी तिला उगीच दांडगी समजले होते.

२७ मार्च

जलवाहिनीचं काम निघालं म्हणून अकरालाच सुटी मिळाली. घरी कुणी नाही. ओट्यावर बटाटे सोललेले, साली मात्र कुठंच नाहीत. मोरीतली बादली नाही. मी तिथं किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग चप्पल घातली आणि पायवाटेनं निघाले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दर पाच पावलांवर थांबत होते. लिहायचंच तर खरं लिहिते, झाडाला धरून थांबत होते.

हे पाइपावर बसले होते. पुढ्यात बादली, आजूबाजूला चौघं. मी बाजूला उभी, दहा पावलांवर, पण कडेचं यांना दिसत नाही. यांच्या तळहातावरच्या साली ते लंगडं पिल्लू अलगद उचलत होतं. आणि हे त्यांच्याशी बोलत होते, "चला, पुढे सरका, पुढे सरका. मागच्यांना जागा द्या. घाई नको, सगळ्यांना घेऊन जाणार आहे." चार वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. बस सोडताना हे असे बोलायचे.

मी तशीच मागे फिरले. घरी येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. हे आले, माझ्याकडे पाहिलं, बादली खाली ठेवली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दीड वर्ष." मग म्हणाले, "ती एकटीच असायची तेव्हा. मी पाव खात बसलो होतो, ही समोर येऊन उभी राहिली. कडेनं आली असती तर मला दिसलीही नसती."

"मला एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तू साडेसहाला जातेस, तीनला येतेस. बायको कामावर जाते आणि मी डुकरांशी गप्पा मारतो, असं?"

"आणि कोट?"

हे खाली बसले. जमिनीवरच. "मी दाढी करत होतो. तू दारातून ओरडलीस, तुमचा कोट नेते हो. मी म्हटलं, ने. त्या कोटाच्या खिशातूनच मी तिला पाव द्यायचो. नुसतं 'ने' म्हटलं गं मी. साबण पुसून दारापर्यंत आलो असतो तर..."

मी म्हटलं, "मेले असते मी तुमच्यापायी."

"हो," म्हणाले. "रोज तेच मोजतो. तुझी मांडी बघायची हिंमत होत नाही माझी."

आणि मी मूर्ख, समजत होते की हा माणूस माझ्यावर रागावलाय.

२८ मार्च

दिवसभर बोलले नाही. हेही नाहीत. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मीच म्हटलं, "दोन नव्हते. तीन होते."

"काय तीन?"

सांगितलं सगळं. ती आडवी झाली होती ते, पाय हलत होते ते, मला कळत होतं ते.

यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, "रक्त वाहत होतं तुझं. राग येणारच."

"राग आला हे ठाऊक आहे मला. पोर म्हणते, तिचं वागणं नैसर्गिक. गाव म्हणतं, माझं नैसर्गिक. असतीलही पहिले दोन. तिसरा कशात बसतो?"

"आणि माझं?" हे म्हणाले. "एकटा माणूस, समोर कुणीतरी उपाशी येऊन उभं राहिलं, त्यानं हातातला पाव पुढे केला. ते तरी कशात बसतं?"

पोळी करपली.

टाके निघाले तरी जखमेचं एक टोक अजून ओलं आहे. आज ड्रेसिंग यांनी बदललं. या वेळी बघितलं. कडेची पट्टी काढताना म्हणाले, "दुखतं?" मी नाही म्हटलं. मग म्हटलं, हो, दुखतं.

२९ मार्च

दोघं मिळून आधी खानावळीत गेलो. यांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "खायला मी घालत होतो. या मालकांचा काही संबंध नाही." मालक आधी हातातलं फडकं टेबलावर फिरवत राहिला. मग म्हणाला, "बसा." चहा ठेवला समोर, पण स्वतः बसला नाही. एवढ्यात विरघळणार नाही तो. का विरघळावं?

तिथून वनखात्याच्या चौकीवर गेलो. वनरक्षकेनं फॉर्म काढला, 'नैसर्गिक'वरची खूण खोडली आणि यांचं नाव, पत्ता लिहून घेतला. वरच्या ऑफिसला पाठवावं लागेल, समज मिळेल, कदाचित आणखीही काही. हे म्हणाले, "लिहा." मी तिसऱ्या घावाचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला रकाना नाहीये, काकू." मी म्हटलं, "तरी लिही कुठंतरी." तिनं समासात लिहिलं.

मग पिल्लांचा विषय. नुसतं खायला घालणं थांबवून भागणार नाही, ती म्हणाली. ती माणसाकडे येतच राहतील. त्यांना माणसाची भीती बसली पाहिजे. आणि ज्याच्यावर त्यांचा सर्वांत जास्त विश्वास आहे त्याच्याकडूनच बसली पाहिजे.

यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा म्हणाले, "दुसरं कुणी नाही का करू शकणार?"

१ एप्रिल

टाकीच्या आवारात टाकी धुतल्यावर पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह आहे. त्याला मी मोठा रबरी होजपाइप जोडला. दगडबिगड नकोत, पाणी आणि आवाज पुरे, असं वनरक्षकेनं बजावलं होतं. ती झाडीपलीकडे उभी राहिली. हे मधोमध, अंगात तोच कोट, हातात रिकामी बादली आणि पळी. मी होज धरून, चावी व्हॉल्व्हवर चढवून तयार.

आली. चौघंही. यांना पाहताच पळत आली. लंगडं सर्वांत मागे, तरी त्यानंच येऊन खिशाला नाक लावलं.

ठरलं होतं की हे ओरडतील आणि मी पाणी सोडीन. हे ओरडले नाहीत. पळी हातात तशीच. आणि मी? मला पिल्लू दिसतच नव्हतं. मला ती दिसत होती, तस्संच नाक, तोच खिसा. चावी धरली होती पण फिरवता येईना. माझ्या तोंडून कसला तरी आवाज आला असावा, कारण हे माझ्याकडे वळले. सरळ समोर माझ्याकडे पाहिलं.

मग ओरडले. आयुष्यात यांना असं ओरडताना मी ऐकलं नाही, घाटात ब्रेक निकामी झाला होता तेव्हासुद्धा नाही. "चालते व्हा! व्हा चालते!" बादली बडवत त्यांच्या अंगावर धावून गेले. त्या आवाजानं मी भानावर आले. चावी फिरवली, पाणी उसळलं. पिल्लं चित्कारत पांगली, दूर जाऊन थांबली आणि मागे वळून बघू लागली. तेच वाईट होतं. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं असेल. लंगडं तर परत यायला निघालं.

"पुन्हा," वनरक्षक झाडीतून म्हणाली.

हे पुन्हा धावले.

६ एप्रिल

सहा दिवस झाले, रोज सकाळी तेच. काल फक्त तीनच आली, तीही दुरून बघून गेली. लंगडं आलं नाही. यांनी मला दोनदा विचारलं, नसेल ना आलं? का तुला दिसलं नाही?

मुलीला फोनवर सगळं सांगितलं, तिसऱ्यासकट. "बाबा त्यांना असं हाकलतात? किती क्रूर वाटतं गं हे," म्हणाली. मी म्हटलं, "वाटतंच." मग ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी येते. तू कामावर गेलीस की मी बाबांजवळ असेन." मग बाबांनी स्वतःहून फोन मागितला. पाऊण तास बोलत होते. काय ते मी ऐकलं नाही. ऐकलं, पण लिहीत नाही.

साहेबांना फोटोचं कायमचं नाही म्हणून सांगितलं.

१४ एप्रिल

आज पायवाटेनं गेले. गाडीवाल्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नको. हे सोबत आले. मी म्हटलं, "मला सोबत नको." तर म्हणाले, "मला हवी आहे." मुलगी अजून झोपलेली होती, तिला चिठ्ठी ठेवली.

त्या जागेपाशी मी थांबले. मला भीती वाटतेय, असं मी यांना सांगितलं. यांनी हात धरला. तो धरूनच पुढे गेलो.

वळणावर उजवीकडे झुडपं हलली. दुसरा एक कळप होता, दोन मोठ्या माद्या आणि बरीच पिल्लं, आणि त्यांच्यात थोडी मोठी, ओळखीची चार. उतारावर माती उकरत होती. यांना काहीच दिसत नव्हतं, हे नाकासमोर बघत उभे. मी यांची हनुवटी धरून मान तिकडे वळवली.

तेवढ्यात वारा फिरला. माद्यांनी माना वर केल्या. क्षणात सगळा कळप झाडीत गडप. नुसती माती उडत राहिली.

"पळाली," हे म्हणाले.

"पळाली."

"ते लंगडं? ते होतं का?"

"होतं."

"मागे राहिलं असेल."

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी तेच पळालं."

यांनी मान पुन्हा समोर वळवली. चालताना पुढे हेच होते.